आदर्श शहराच्या नकाशात गवंड्याचं घर कुठे असतं?

नकाशाळू

मला शहरांचे नकाशे बघायचा नाद आहे, पण झालेल्या शहरांचे नाही, कोणीतरी टेबलावर बसून काढलेल्या आणि "इथे माणूस सुखी होणार" असं ठरवून टाकलेल्या शहरांचे. गोल शहरं, चौकोनी शहरं, विमानाच्या आकाराचं शहर. आणि दर वेळी माझा शोध एकाच गोष्टीवर येऊन अडकतो, की बाबा रे एवढं सगळं काढलंस, बाग काढलीस, कारंजं काढलंस, आता हे बांधणारा गवंडी आणि ते झाडणारा माणूस रात्री झोपायला कुठे जातो ते दाखव.

थॉमस मोरच्या 'युटोपिया' या पुस्तकापासूनच बघा. १५१६. त्याच्या बेटावर ५४ शहरं, सगळी एका साच्यातली, घरांना कुलूप नाही, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरं बदलायची म्हणजे कोणाला "माझं माझं" व्हायला नको. सोन्याला किंमत शून्य, इतकी की सोन्याच्या बेड्या करून त्या गुलामांना घालतात. वाचताना आपण सोन्यावर खूश होतो आणि गुलाम तसाच पुढे जातो! जनावरं कापली की मन निबर होतं म्हणून नागरिकांनी ते काम करायचं नाही, गुलामांनी करायचं. झाला प्रश्न सुटला.

पुढे फ्रान्समध्ये शार्ल फूरिए नावाचा गृहस्थ झाला, त्याने सोळाशे-अठराशे माणसं एकाच मोठ्या वाड्यात राहतील अशी योजना केली, प्रत्येकाने आवडेल तेच काम करायचं. मग उकिरडा कोण काढणार? तर म्हणे लहान पोरांना घाणीत खेळायला आवडतंच, त्यांच्या टोळ्या करा. किमान त्याने प्रश्न विचारला तरी, बाकीचे विचारतच नाहीत.

आणि कागदावरून जमिनीवर आलेलं सगळ्यात चकचकीत उदाहरण ब्राझिलिया. लुसिओ कोस्टाचा विमानाच्या आकाराचा आराखडा १९५७ चा, इमारती ऑस्कर निमायरच्या, २१ एप्रिल १९६० ला राजधानी सुरू. ब्राझीलच्या गरीब ईशान्य भागातून हजारो मजूर येऊन रात्रंदिवस खपले, त्यांना तिथे "कांदांगो" म्हणायचे. आराखड्यात असं गृहीत होतं की मंत्री आणि ड्रायव्हर एकाच प्रकारच्या ब्लॉकमध्ये राहतील. प्रत्यक्षात शहराचं उद्घाटन व्हायच्या आधीच, १९५८ ला, मजुरांसाठी तागुआतिंगा नावाचं वेगळं गाव लांब वसवावं लागलं. १९७१ ला आणखी एक वसलं, सेइलांदिया, त्या नावातली पहिली तीन अक्षरं झोपडपट्टी हटाव मोहिमेच्या लघुरूपावरून घेतलीत. आज राजधानीच्या अख्ख्या जिल्ह्यात २८ लाखांच्या आसपास लोक आहेत आणि त्यातले बहुतेक त्या सुंदर विमानाच्या बाहेर राहतात.

तर तुमच्याकडची उदाहरणं टाका. भारतातली, बाहेरची, पुराणातली, कुठलीही. फक्त "आपल्याकडे प्लॅनिंगच नाही हो" एवढंच टाकू नका, ते सगळ्यांना पाठ आहे.

टिचकी

वाचतेय. पोरांकडून उकिरडा साफ करायची आयडिया आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडीत मांडणार आहे.

सेक्टर_सतरा

चंदीगड आल्याशिवाय हा धागा पुढे जाणार नाही हे माहीत होतं म्हणून मीच आणतो. मी नोकरीमुळे तिथे बरीच वर्षं राहिलोय आणि आधीच सांगतो, मला ते शहर आवडतं. पुण्यात फुटपाथवरून चालून दाखवा मग मला नावं ठेवा.

बऱ्याच जणांना वाटतं फ्रान्सचा आर्किटेक्ट ल कोर्बूझिए याने सगळं शून्यापासून केलं, तसं नाहीये. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांचा, नोविकी १९५० ला विमान अपघातात गेला आणि मग १९५१ ला कोर्बूझिए आला, सोबत त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय, जेन ड्र्यू. मेयरचे वळणदार रस्ते त्याने सरळ केले, ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर पाडले, प्रत्येक सेक्टरमध्ये शाळा, दुकानं, हिरवळ. रोजच्या वस्तूसाठी मोठा रस्ता ओलांडावा लागू नये हा हिशोब, आणि तो चालतो! पाच लाखांसाठी आखलेलं शहर २०११ च्या जनगणनेत साडेदहा लाखांवर गेलं तरी अजून कोलमडलेलं नाही, ही साधी गोष्ट नाही. आणि एक नियम तर आपल्याकडे आणायलाच पाहिजे, शहरात कोणाही व्यक्तीचा पुतळा उभारायचा नाही असं लिहून ठेवलंय त्याने :-)

आता गवंड्याचा प्रश्न. त्याचं उत्तर चंदीगडमध्ये एका माणसाने दिलंय, नकळत. नेकचंद. पीडब्ल्यूडीमध्ये रोड इन्स्पेक्टर. शहरासाठी जी गावं उठवली त्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या, संडासाची भांडी, हे सगळं तो सायकलवरून वाहून नेऊन सरकारी राखीव जंगलात लपवून ठेवायचा आणि १९५७-५८ च्या सुमारापासून रात्री टायर जाळून त्या उजेडात तिथे स्वतःचं राज्य बांधायचा. दरबार, राण्या, सैनिक, माकडं. सतराअठरा वर्षं कोणाला पत्ता नाही. सत्तरीच्या मध्यात सापडलं तेव्हा नियमाप्रमाणे पाडायलाच हवं होतं, कारण बेकायदेशीर बांधकाम! पण १९७६ ला लोकांना खुलं केलं, त्याला पगार आणि मजूर दिले. आज कोर्बूझिएचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स (विधानसभा, हायकोर्ट, सचिवालय) बघायला आर्किटेक्चरचे विद्यार्थी जातात आणि नेकचंदचं हे रॉक गार्डन बघायला अख्खा पंजाब. उठवलेल्या गावांची एवढीच खूण त्या शहरात उरली आहे, बांगड्यांच्या काचा.

चुकार

वा. हे राडारोड्याचं माहीत नव्हतं, नुसतं "टाकाऊतून टिकाऊ" म्हणून सहलीत दाखवतात.

एकवीस_दशांश

पुतळ्याच्या नियमाला +१००. आमच्या चौकात ट्रॅफिक पोलिसाला उभं राहायला जागा नाही.

खाडीपलीकडचा

चंदीगडपर्यंत कशाला जाताय, घरचं सांगतो. माझं आजोळ उरणकडचं, वडील नोकरीला वाशीत, त्यामुळे मी दोन्हीकडचा आहे, नकाशातलाही आणि नकाशाखालचाही.

१९६४-६५ ला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडलं की मुंबई उत्तरेला किती ताणणार, लोकलची गर्दी एकाच दिशेला, सकाळी सगळे खाली संध्याकाळी सगळे वर, त्यापेक्षा खाडी ओलांडून पूर्वेला दुसरं शहर करा. तीच ही नवी मुंबई. 'मार्ग' मासिकात १९६५ ला ते छापून आलं. मार्च १९७० ला हे शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी झाली, कोरिया सुरुवातीची काही वर्षं मुख्य आर्किटेक्ट. कल्पना खरंच मोठी होती, सरकारने शेतजमीन आधी घ्यायची, विकसित करून विकायची, आणि जमिनीची वाढलेली किंमत बिल्डरच्या खिशात न जाता त्या पैशातूनच शहर उभं राहील, गरिबाला घर परवडेल. २० लाख लोक, १४ नोड म्हणजे छोटी उपनगरं, प्रत्येक नोडमध्ये घर-नोकरी-शाळा-स्टेशन.

पण सगळी गाडी एका इंजिनावर होती. मंत्रालय आणि सरकारी कचेऱ्या इकडे येणार होत्या. त्या आल्या नाहीत. तेव्हाच नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून टॉवर उभे राहत होते, म्हणजे एकीकडे मुंबईची गर्दी हलवायची म्हणून नवं शहर आणि दुसरीकडे तीच गर्दी जिथे आहे तिथेच आणखी खुर्च्या. बेलापूरला कोकण भवन आलं, बस. खाडीवरचा पूल १९७३ ला झाला पण वाशीला लोकल यायला १९९२ उजाडलं, दोन दशकं पहिल्या रहिवाशांनी बसमधून काढली. माझे वडील त्यातले एक, तक्रार करत नाहीत, म्हणतात तेव्हा वाशीत रात्री कोल्हे ओरडायचे.

आता नकाशाखालचं. ती जमीन रिकामी नव्हती. ९५ गावं होती. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी, आगरी आणि कोळी माणसं. आराखड्यात गावठाणं म्हणजे हिरव्या-पिवळ्या रंगात सोडून दिलेली छोटी बेटं, शेती गेली, घर तेवढं राहिलं. भावावरून आंदोलन पेटलं, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील पुढे होते, आणि १६-१७ जानेवारी १९८४ ला जासईच्या दास्तान फाट्यावर आणि न्हावा-शेवा भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. त्यानंतर कुठे "साडेबारा टक्के" आलं, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत. आमच्याकडे तो आकडा म्हणजे योजना नाही, ती पिढी आहे. "तुमचं साडेबारा झालं का?" असं विचारतात, लग्न झालं का विचारल्यासारखं.

आणि कुटुंब वाढलं, गावठाण वाढलं नाही, मग मुलांनी शेजारी जी घरं बांधली त्यांना सरकारी भाषेत "गरजेपोटी बांधलेली घरं" म्हणतात. गरजेपोटी! जगात कोणतं घर गरजेपोटी नसतं? नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून २०२१ ला जी मानवी साखळी झाली ती नुसती नावासाठी होती असं ज्यांना वाटतं त्यांनी १९८४ पासून वाचायला सुरुवात करावी.

नकाशाळू

@खाडीपलीकडचा, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून यायला हवा होता खरं तर. मंत्रालय न हलल्याचं कळीचं आहे. आणि ते तिघं स्वप्नाळू नव्हते, जमिनीच्या किमतीचं गणित त्यांनी बरोबर मांडलेलं होतं, पण शेतकऱ्याला त्या गणितात विक्रेता धरलं, भागीदार नाही.

हडपसरी

मग भागीदार धरल्याचं उदाहरण आमच्याकडे पुण्यात आहे, मगरपट्टा. सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं, चारशेच्या वर एकर जमीन, शहर अंगावर येतंय हे दिसल्यावर जमीन विकली नाही, एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. कोणी त्यात ठेकेदार झाला, कोणी नर्सरी टाकली. २००० नंतर उभं राहिलं. लोक नावं ठेवतात आतमध्ये गेट, बाहेर गेट म्हणून, पण शेतकरी त्याच जमिनीवर मालक म्हणून राहिला ही गोष्ट भारतात किती ठिकाणी झाली सांगा.

भोचकभवानी

मान्य, पण हडपसरी, तुमच्या त्या मालकांच्या फ्लॅटमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायका रोज सकाळी कुठून येतात? गेटच्या बाहेरूनच ना. धागाकर्त्याचा प्रश्न तिथे तसाच आहे.

हडपसरी

ताई, त्या प्रश्नाला उत्तर असतं तर मी प्रतिसाद नसता टाकला, निवडणूक लढवली असती.

भोचकभवानी

:-D

बरं, मी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजबद्दल लिहिणार होते. खाडीपलीकडचा यांनी कोरियांचं मोठं स्वप्न सांगितलं, त्यांचं लहान स्वप्न जास्त बघण्यासारखं आहे. ऐंशीच्या दशकातलं, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांसाठी. सात-आठ घरांचं एक अंगण, तशी तीन अंगणं मिळून मोठं अंगण, असं वाढत जाणारं. प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे गरीब आणि बऱ्यापैकी कमावणारा यांच्या जमिनीत दुपटीचाही फरक नाही. आणि कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही, मुद्दाम, कारण पुढे ज्याला त्याला आपल्या ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावं. उतरती कौलं, गवंड्याला बांधता येतील अशी साधी घरं, म्हणजे इथे निदान गवंड्याचा विचार झालाय, राहायला नसेल पण बांधायला तरी.

आता तिथे गेलात तर मूळ घरं शोधावी लागतात. बऱ्याच जणांनी पाडून दोन-तीन मजली बंगले केले, ग्रॅनाइट, काचा, लोखंडी जाळ्या. आर्किटेक्ट मंडळी हळहळतात. मला नाही वाटत त्यात हळहळण्यासारखं काही, वाढवा म्हणून दिलं होतं, वाढवलं. अंगणं मात्र अजून आहेत आणि त्यात पोरं क्रिकेट खेळतात, पापड वाळत असतात. आराखड्यातला महत्त्वाचा भाग मोकळी जागा होती, घरं नव्हती, आणि तोच टिकलाय.

सेक्टर_सतरा

सामाईक भिंत न ठेवण्याचं कारण हे होतं हे आज कळलं, मला वाटायचं भांडणं टाळायला.

भोचकभवानी

तेही एक कारण असणार, आपल्या लोकांना ओळखत होते ते.

सांगलीकर_पाव्हणं

लई मोठ्या शहरांच्या गप्पा चालल्यात, जरा आमच्या भागातलं पण घ्या. १९१० साली बेळगावातनं कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजानं लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंग आणि साप, दुसरं काय नव्हतं. त्यात किर्लोस्करवाडी उभी केली, कारखाना आणि कामगारांची घरं एकत्र, शाळा, दवाखाना, जातीवरनं वेगळी आळी नाही. शिक्षा भोगून आलेली माणसं कामावर घेतली, राखणीला ठेवली. तेव्हा म्हणजे मुंबईत गिरणी कामगार खुराड्यात राहत होता बघा. फ्रान्सात गीजला गोदँ म्हणून शेगड्यांच्या कारखानदारानं १८५९ पासनं असंच कामगारांचं घरकुल बांधलं होतं, वर काचेचं छप्पर असलेली अंगणं, आणि पुढं कारखाना कामगारांच्याच मालकीचा करून टाकला, १९६८ पर्यंत चालला. किर्लोस्करवाडीत मालकी मालकाकडंच राहिली, हा फरक आहे, पण विचार जवळचा.

आणि त्याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. १९३९. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर, गांधींच्या नादानं आलेला, राजाला म्हणाला कैदी माझ्याकडं द्या. खुनाच्या गुन्ह्यातली माणसं, भिंत नाही, साखळी नाही, शेती करायची, बायकापोरं सोबत. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा शांतारामबापूंचा पिक्चर त्याच्यावरनंच सुचलेला. पिक्चर सगळ्यांना माहीत, गाव कुणाला माहीत नाही. राजानं त्याच सुमाराला संस्थानाचा कारभारही गावांच्या पंचायतीकडं देऊन टाकला होता. माझ्या मते खरी आदर्श नगरी हीच, कारण इथं पहिला रहिवासीच तो घेतला ज्याला दुसरं कुठलंच शहर आत घेणार नाही.

टिचकी

पाव्हणं, टाळ्या. स्वतंत्रपूर शाळेच्या कुठल्याच पुस्तकात कसं नाही?

रानवाटा

पाँडिचेरीजवळचं ऑरोव्हिल राहिलं. २८ फेब्रुवारी १९६८, १२४ देशांतली माती एका कलशात, कोणाच्याही मालकीचं नसलेलं शहर, ५० हजार लोकांसाठी आर्किटेक्ट रॉजे आंझेचा आकाशगंगेसारखा आराखडा. आज तीन-साडेतीन हजारांच्या आसपास लोक राहतात. शहर झालं नाही, जंगल झालं! उजाड लाल पठारावर या लोकांनी लाखो झाडं लावली, बांध घातले, पाणी अडवलं. आणि गंमत, डिसेंबर २०२१ ला आराखड्यातला गोल रस्ता काढायला जेसीबी आले तेव्हा तीच झाडं आडवी येत होती आणि रहिवासीच दोन बाजूंना उभे, एक म्हणे नकाशा पवित्र, दुसरे म्हणे झाडं. आजूबाजूच्या तमिळ गावांतले हजारो लोक तिथे कामाला येतात, संध्याकाळी परत जातात. नकाशाळू यांचा प्रश्न इथेही लागू.

एकवीस_दशांश

रच्याकने, "गार्डन सिटी" असं लिहिलेल्या सगळ्या होर्डिंगवर बंदी आणावी. एबेनेझर हॉवर्ड हा लंडनचा साधा स्टेनोग्राफर, १८९८ ला पुस्तक लिहिलं, ३२ हजार वस्तीचं शहर, भोवती शेतीचा पट्टा. बाग हा त्याचा मुद्दाच नव्हता, मुद्दा हा की जमीन सगळ्या गावाच्या मालकीची, भाडं वाढलं तर तो पैसा गावाच्या दवाखान्याला आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनला. १९०३ ला लेचवर्थ सुरू झालं, तिथे एक पब काढला ज्यात दारूच मिळायची नाही. आपल्या बिल्डरांनी त्यातली जमीन सोडली, पेन्शन सोडलं, चार कुंड्या घेतल्या आणि भाव दुप्पट. लवासाला तर इटलीतलं पोर्टोफिनोच आणलं मोसे खोऱ्यात, पर्यावरण मंत्रालयाची नोटीस २०१० ला, दिवाळखोरी २०१८ ला.

सराफ्यातला_मराठी

लवासावरून धाग्याचा काश्मीर व्हायच्या आधी आमच्या इंदूरचं घ्या. पॅट्रिक गेडेस, स्कॉटलंडचा नगररचनाकार, होळकरांनी बोलावलेला, १९१८ चा अहवाल. हा म्हणायचा जुनं शहर पाडून रुंद रस्ते करू नका, जिथे दुखतंय तिथेच थोडं कापा. प्लेगचे दिवस, लोक घाबरलेले, तर याने दिवाळीची मिरवणूकच ठरवली. जी आळी सगळ्यात स्वच्छ करेल तिथून मिरवणूक जाणार. झालं, लोकांनी घरं धुतली, गाड्याच्या गाड्या कचरा काढला. मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर. आणि मुद्द्याचं म्हणजे सफाई कामगार मिरवणुकीत मानाने, पांढरे स्वच्छ कपडे, गळ्यात हार. काही काळासाठी का होईना, झाडणारा माणूस नकाशाच्या मधोमध. हाच गेडेस १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला होता, तरी मुंबईने त्याचं किती ऐकलं ते तुम्हीच सांगा. आता इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं की लोक म्हणतात हे नवीन, नवीन नाहीये हो.

चुकार

सगळेच युरोपातून सुरुवात करतायत. संत रविदासांचं, आपल्या रोहिदासांचं बेगमपुरा घ्या की. मोरच्या आसपासचाच काळ, बनारस, चामड्याचं काम करणारा माणूस. गुरू ग्रंथसाहेबात ते पद आहे. त्या शहरात दुःख नाही, सारा भरायची धास्ती नाही, कोणी दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा नाही, आणि लोक मनाला येईल तिथे फिरतात, महालात कोणी अडवत नाही. बास. एक रस्ता नाही, एक भिंत नाही, किती मीटर बाय किती मीटर काही नाही. बाकी सगळ्यांनी रस्ते कसे असावेत ते सांगितलं, रविदासांनी त्यावरून कोण चालू शकतं ते सांगितलं. कासेगावच्या गेल ऑम्वेट यांनी जातविरोधी विचारवंतांवरच्या आपल्या पुस्तकाला हेच नाव दिलं होतं.

एकवीस_दशांश

पण सारा नाही म्हणजे महसूल नाही, मग कचरा कोण उचलणार हा प्रश्न राहतोच की?

चुकार

मूळ पदात शब्द 'खिराज' आहे, म्हणजे राजाला द्यायचा सारा, महापालिकेची घरपट्टी नाही. आणि तुम्ही विचारताय ते काम ज्याच्या जातीला लावून दिलं होतं तोच माणूस हे शहर सांगतोय, मेलेल्या ढोरांचं काम. बाकी सगळ्या आराखड्यांत हा प्रश्न शेवटी येतो कारण काढणाऱ्याला तो कधी पडलाच नव्हता. इथे आधी पडला आणि मग शहर सुचलं.

नकाशाळू

हे पटलं. माझ्या नकाशांच्या फोल्डरमध्ये बेगमपुरा कधीच नव्हतं कारण नकाशाच नाही त्याला. @भोचकभवानी, आर्टिस्ट व्हिलेज बघायला पुढच्या रविवारी निघावं म्हणतोय, लोकांची घरं आहेत, नुसतं जाऊन फोटो काढलेले चालतात का?

भोचकभवानी

बेलापूर स्टेशनवरून रिक्षा, सेक्टर ८ सांगा. फोटो काढा पण अंगणात शिरायच्या आधी विचारा, दर रविवारी आर्किटेक्चरची पोरं येऊन कंटाळलेत लोक. सकाळी लवकर जा.

खाडीपलीकडचा

आणि दुपारी उरणला या, दास्तान फाटा दाखवतो. येताना भाकरी-जवळा आजीकडे.

टिचकी

रविवारी मीही. रिक्षात जागा धरा.